सात नंबरची हिरवी

सर्पालयात लोक सगळ्यात कमी वेळ थांबायचे ते सात नंबरच्या काचेपुढे. मी तिथल्या तिकीटखिडकीवर एकवीस वर्षं बसलो आणि माझ्या खिडकीतून आतला अर्धा बोळ दिसायचा, म्हणून हे खात्रीने सांगतो. नागापुढे झुंबड, अजगरापुढे झुंबड, आणि सात नंबरपाशी आले की बाप पोराचा हात ओढून म्हणायचा, "चल पुढे, हा रबराचा आहे." त्याचं तरी काय चुकलं? एक आडवी फांदी, तिच्यावर हिरव्यागार वेटोळ्यांचा गठ्ठा, दोरीवर टाकलेल्या ओल्या चादरीसारखा दोन्ही बाजूंनी लोंबणारा. पाठीवर चुना उडाल्यासारखे पांढरे ठिपके. गठ्ठ्याच्या मधोमध टेकवलेलं डोकं. सकाळी दहाला तसं, संध्याकाळी सहालाही तसंच.

बाहेरच्या पाटीवर लिहिलं होतं: झाडावर राहणारी हिरवी बोआ, मादी, दूरच्या वर्षावनातली, बिनविषारी, निशाचर. निशाचर म्हणजे काय हे ज्याला कळायचं तोही दिवसाच आलेला असायचा, त्यामुळे त्याला त्या माहितीचा काही उपयोग नव्हता. तिला जागी पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतली एक म्हणजे चाहूल, आणि ही गोष्ट तिचीच.

चाहूल हे तिचं खरं नाव नव्हे. ती आमच्याकडे झाडायला-पुसायला आली तेव्हा तिशीतली होती. दुपारी दोन ते रात्री दहा अशी तिची पाळी. चालायची इतकी हलकी की मागे येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही. आमचे उस्ताद, म्हणजे सर्पालयाचे सगळ्यात जुने रखवालदार, आयुष्यभर विषारी सापांत वावरले, पण हिने मागून "बादली हलवता का जरा?" म्हटलं की दचकून हातातला कप सांडायचे. शेवटी वैतागून त्यांनीच तिचं नाव चाहूल ठेवलं. तिची चाहूल लागत नव्हती म्हणून.

तिचा नवरा उंच इमारतींना रंग द्यायचा. एके दिवशी परांचीचा दोर सुटला आणि तो गेला. घरी उरल्या दोघी, ही आणि तिच्या सासूबाई. दोन खोल्या, दुसरा मजला, खाली चांभाराचं दुकान. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे त्या जिना उतरायच्या नाहीत. दोघी एकमेकींशी वाईट वागत नव्हत्या, पण गेलेल्या माणसाचं नाव दोघींपैकी कोणी काढत नव्हतं. एकीने काढलं तर दुसरी कोसळेल, असं प्रत्येकीला वाटायचं. मग बोलायला उरणार काय? भाजी, पाणी, जिन्यातला दिवा.

आणि सासूबाईंना सापांची भयंकर भीती. इतकी की तो शब्दही तोंडातून काढायच्या नाहीत, 'लांबडं' म्हणायच्या, तेही आवाज खाली आणून. चाहूलला आमच्याकडे काम मिळालं तेव्हा तिने घरी सांगितलं, "प्राणिबागेत लागले. पक्ष्यांकडे." एकदा सांगून टाकलं, आता परत कसं घेणार?

सासूबाईंना मात्र त्या दिवसापासून नवा उद्योग मिळाला. दहा वाजून गेलेले असायचे, चाहूल दमून घरी यायची, आणि पलंगावरून प्रश्न यायचा, "आज काय केलं पोपटांनी?"

आता चाहूलला थापा मारता येत नव्हत्या. ती मला एकदा चहा पिताना म्हणाली, "भाऊ, मी पोपट कधी धड बघितलासुद्धा नाही. सांगू काय?" मग तिने तिच्यापुरता मार्ग काढला. जे सापांकडे पाहिलं तेच सांगायचं, फक्त त्याला चोच लावायची. आणि सात नंबरइतकं तिने कुणालाच निरखून पाहिलं नव्हतं, कारण दिवे मालवल्यावर बाकीचे बहुतेक झोपायचे आणि सात नंबरचा दिवस तेव्हा उजाडायचा.

तर घरी असा पोपट तयार झाला, जो हिरवा होता, दिवसभर एकाच फांदीवर झोपायचा आणि जमिनीवर कधीही उतरायचा नाही. सासूबाईंनी विचारलं, लंगडा आहे का गं? चाहूल गडबडली. म्हणाली, "हो, म्हणजे… पायांचं तसंच आहे त्याचं." झालं. तेव्हापासून तो लंगडा. सासूबाई अधू गुडघ्यांच्या, हा अधू पायांचा. सगळ्या पोपटांत तो त्यांचा लाडका होऊन बसला.

संध्याकाळी प्राणिबाग बंद झाली की उस्ताद सात नंबरमध्ये पाण्याचा बारीक फवारा मारायचे. तिच्या वेटोळ्यांच्या खाचांत थेंब साचायचे आणि थोड्या वेळाने ती डोकं उचलून स्वतःच्या अंगावरचंच पाणी प्यायची. खाली ठेवलेल्या भांड्याला तिने कधी तोंड लावलं नाही. चाहूलने हे घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, शहाणा आहे. भांडं नको, घासणं नको.

मग अंधार झाला की गठ्ठा सैल व्हायचा. शेपूट फांदीला घट्ट, आणि पुढचं अंग हळूहळू खाली सरकायचं. मानेला दोन वळणं घेऊन ती तशीच लटकून राहायची. एक तास, दोन तास. तिच्या ओठांवर खळग्यांची एक रांग असते. समोरून काही गरम रक्ताचं गेलं तर त्या खळग्यांना ऊब कळते, डोळ्यांनी दिसायची गरज नाही, असं उस्तादांनी चाहूलला समजावलं होतं. जंगलात उंदीर, वटवाघूळ असलं काही मिळेपर्यंत ती अशीच थांबते. इथे तीन-चार आठवड्यांतून एकदा उस्ताद चिमट्यात मेलेला उंदीर धरून पुढे करायचे. तेवढ्यावर तिचा महिना निघायचा.

चाहूलच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सात नंबरने खाणं सोडलं.

एक खेप गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. उस्तादांनी उंदीर कोमट करून बघितला, लहान देऊन बघितला, मोठा देऊन बघितला. गठ्ठा हलेना. आमच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तोंड उघडून दात पाहिले, काही सापडेना. पाठीचा कणा वरून जाणवायला लागला. चौदा आठवडे झाल्यावर बाई म्हणाल्या, आता नळीने पोटात घालावं लागेल, सोमवारी करू. उस्तादांना ते पसंत नव्हतं. असल्या नाजूक जातीला चार माणसांनी धरून नळी घातली की धसक्यानेच जायची, असं ते मला म्हणाले. पण दुसरा उपाय कुणाकडे होता?

घरी लंगडा पोपट अर्थातच उपाशी होता. सासूबाईंचा जीव टांगणीला. शनिवारी रात्री त्यांनी चाहूलची अगदी उलटतपासणी घेतली. खाणं बदललं का? शेजारी कोणी नवीन आणून ठेवलं का? काहीच नवीन नाही झालं? असं कसं होईल, काहीतरी झालंच असेल, आठव.

चाहूलने आठवलं. बोळाच्या टोकाला, आणीबाणीच्या दारावर, तपासणीवाल्यांच्या हुकमाने एक पांढरा दिवा लागला होता. तो रात्रभर चालू असायचा. सरळ सात नंबरच्या काचेवर यायचा.

"मग झाका की," सासूबाई म्हणाल्या. "पोपटाच्या पिंजऱ्यावर रात्री कापड घालतातच. डोळ्यावर दिवा असताना कुणाला भूक लागेल?"

आणि त्यांनी पलंगाखालच्या पेटीतून स्वतःची जाड निळी चादर काढून दिली.

रविवारी संध्याकाळी फाटक बंद झाल्यावर चाहूलने ती चादर काचेवर बाहेरून टांगली. उस्तादांना सांगितलं तर ते हसले. पण नाही म्हणाले नाहीत. सोमवारी सकाळी त्यांनीच डॉक्टरीणबाईंना विनवून नळीचं काम गुरुवारवर ढकललं. बुधवारी रात्री नऊला चाहूल चादरीच्या कडेतून डोकावली आणि तशीच, पाय न वाजवता, उस्तादांना बोलवायला गेली. गठ्ठा सुटला होता. मान खाली आली होती. उस्तादांनी मागच्या दारातून चिमटा आत सरकवला, आणि पुढे काय झालं ते दोघांनाही नीट दिसलं नाही, इतकं झटकन झालं. चिमटा रिकामा होता.

उस्ताद मला दुसऱ्या दिवशी म्हणाले, "माझे केस सापांत पांढरे झाले, आणि मला दिवा दिसला नाही." त्यांच्या जागी दुसरा असता तर श्रेय खिशात घालून मोकळा झाला असता. हे सरळ वरिष्ठांकडे जाऊन खरं सांगून आले. त्यानंतर चाहूलच्या हातात झाडू राहिलाच, पण सोबत फवारा आला, चिमटा आला, वजनाची वही आली. आणि घरी लंगडा पोपट पुन्हा जेवायला लागल्याच्या आनंदात सासूबाईंनी आपली चादर कायमची त्याला देऊन टाकली.

दोन वर्षं सुरळीत गेली. मग दुसऱ्या एका प्राणिबागेतून काही महिन्यांसाठी एक नर आणला, आणि तो परत गेल्यावर सात नंबरने पुन्हा तोंड मिटलं. सगळे दिव्याच्या मागे लागले. चादर सरकली का, फट राहिली का? पण चाहूलला ते तसं वाटेना. मागच्या वेळी ती दिव्यामुळे रात्रीही दिवसासारखीच दबून बसायची. आता ती जागा बदलत होती. चार वर्षांत जी फांदी सोडली नव्हती ती सोडून वरच्या फांदीवर, उबेच्या दिव्याखाली येऊन पडायची. अंगाचा मागचा भाग जाड दिसत होता, हिरवा रंग काळसर झाला होता. चाहूलने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हिला दिवस गेलेत का?"

गेले होते. या जातीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच होतात, आणि सहा-सात महिने ती जवळजवळ काही खात नाही.

घरी मात्र पंचाईत झाली. लंगडा पोपट ही मादी निघाली, हे सासूबाईंनी लगेच मान्य केलं. मला आधीच वाटलं होतं, म्हणाल्या. पण मग अंडी? रोज रात्री एकच प्रश्न, अंडी घातली का? चाहूल म्हणायची, अजून नाही. एक महिना, दोन महिने, पाच महिने. सासूबाईंचा पक्ष्यांवरचा विश्वासच उडायला आला. "भाऊ, आता मी काय करू?" चाहूल मला विचारायची, आणि मी हसून हसून बेजार व्हायचो. मी तिला म्हणालोही, एकदा खरं सांगून टाक. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "त्यांना दिवसभरात तेवढंच आहे हो. मी आले की त्या पोपटासाठी जाग्या असतात."



सातव्या महिन्यात, एका दुपारी, चाहूल पाळीवर आली आणि सात नंबरच्या खालच्या फांद्यांवर तिला लाल काहीतरी दिसलं. नऊ पिल्लं. करंगळीएवढी जाड, पिकलेल्या मिरचीच्या रंगाची, आणि प्रत्येक पिल्लू जन्मल्या जन्मल्या आईसारखंच फांदीवर गठ्ठा करून बसलेलं. आई हिरवी आणि पिल्लं लाल म्हटल्यावर गर्दी उसळली. ही दुसऱ्याच कुणाची असणार, असंही लोक म्हणाले. वर्षभरात ती हिरवी होतात हे मी तिकीट देता देता किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. पिल्लं लगेच वेगवेगळ्या डब्यांत काढली, आणि ती चाहूलच्या हवाली झाली. घरी तिने जाहीर केलं, नऊ झाली. सासूबाईंनी अंड्यांची चौकशीच केली नाही, इतक्या त्या खूश झाल्या.

पिल्लं तीन आठवड्यांची असताना थंडीची ती लाट आली.

दोन दिवस बर्फासारखा वारा आणि पाऊस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्राणिबागेचा ट्रान्सफॉर्मर जळाला. जनरेटर चार तास चालला आणि बंद पडला. सर्पालयातल्या काचांवर आतून दव धरलं. डॉक्टरीणबाई आणि उस्तादांनी मोठे साप कापडी पिशव्यांत भरले, पेट्यांत घातले आणि दवाखान्याच्या खोलीत नेले, तिथे गॅसची एक शेगडी होती. सात नंबरही तिथेच गेली. खोली खच्चून भरली. पिल्लांना जागा होती, पण शेगडीजवळ नव्हती. लहान जीव पटकन गार पडतो, सकाळपर्यंत टिकणार नाहीत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं घर ओढ्यापलीकडे, आणि ओढ्याला पूर आलेला.

चाहूल म्हणाली, "माझं घर दहा मिनिटांवर आहे. गॅस आहे. गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या आहेत, सासूबाईंच्या गुडघ्यांच्या."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि थर्मामीटर काढून तिच्या हातात दिला. सव्विसाच्या खाली जाऊ द्यायचं नाही, तिशीच्या वर जाऊ द्यायचं नाही. नऊ छोट्या कापडी पिशव्या, तोंडाला गाठी मारलेल्या, चाहूलने स्वेटरच्या आत पोटाशी बांधल्या, वरून कोट घातला. मी तोवर घरी जायला हवं होतं, पण मला राहवेना. रिकामी थर्माकोलची पेटी डोक्यावर धरून मी तिच्या मागे निघालो. वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, "भाऊ, आज संपलं सगळं."

दार ढकललं तर आत मेणबत्ती जळत होती. सासूबाई पलंगावर दोन घोंगड्या पांघरून बसल्या होत्या. परका पुरुष बघून त्यांनी पदर सारखा केला. चाहूलने सांगितलं, आमच्या तिकिटावरचे भाऊ. मग तिने कोट काढला. स्वेटरखाली हालचाल त्यांना दिसली.

"पिल्लं आणलीस?" त्यांचा चेहरा उजळला. "दाखव, दाखव. गारठली असतील बिचारी."

चाहूल पलंगासमोर जमिनीवर बसली. मला वाटलं, आता काहीतरी तिसरंच सांगेल. रात्रीपुरतं निभावून नेईल. मी तसंच केलं असतं.

"आई, पोपट नाहीत ही," ती म्हणाली. "पोपट कधीच नव्हते. मी सापांकडे कामाला आहे. पहिल्या दिवसापासून."

सासूबाईंनी पाय वर घेतले आणि पाठ भिंतीला लावली. मला जिन्यात जाऊन उभं राहावंसं वाटलं, पण पेटी माझ्या हातात होती.

"पाच वर्षं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तो लंगडा?"

"ती या पिल्लांची आई. सापच आहे. जे सांगितलं ते सगळं तिचंच सांगितलं, आई. तिनेच खाणं टाकलं होतं. तुमच्या चादरीने ती वाचली."

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. घाबरल्या असतील असं मला वाटलं होतं. पण त्या रडत होत्या. पाच वर्षं रोज विचारपूस केली तो पोपट एका क्षणात गेला होता, त्याचं त्यांना दुःख झालं होतं. मी हे आज हसून सांगतो, तेव्हा हसू आलं नाही.

पण नऊ जीव गारठत होते, थांबून चालणार नव्हतं. चाहूलने डोळे पुसले आणि पाणी चढवलं. पिशव्या पेटीत ठेवल्या. पाणी खळखळ उकळल्यावर तिने रबरी पिशवीचं तोंड उघडलं.

"उकळतं घालू नकोस," भिंतीकडून आवाज आला.

चाहूल थांबली.

"उकळतं घातलंस तर भाजतील, आणि तासाभरात गार होईल ते वेगळंच. निम्मं साधं पाणी घाल. मनगटाच्या आत लावून बघ, चटका बसता कामा नये. आणि दोन्ही पिशव्या एकदम भरायच्या नाहीत. एक आत्ता, दुसरी अर्ध्या तासाने. एक निवत आली की दुसरी ताजी हवी. ऊब तुटता कामा नये."

"तुम्हाला कसं माहीत?" चाहूलने विचारलं.

सासूबाई वळल्या. गुडघे धरत पलंगावरून उतरल्या. पेटीपासून हातभर अंतर ठेवून खाली बसल्या आणि चाहूलच्या हातातून पिशवी घेतली.

"सातव्या महिन्यात झाला होता तो," त्या म्हणाल्या. "एवढासा. डॉक्टर म्हणाले, आशा ठेवू नका. चाळीस दिवस मी त्याला असाच गरम पाण्याच्या बाटल्यांच्या मधे ठेवला. पाणी प्यायलासुद्धा उठले नाही जागेवरून."

पाच वर्षांत पहिल्यांदा त्या घरात त्याचा विषय निघाला. आणि कोणी कोसळलं नाही.

नंतर रात्रभर तिथे हुकूम सासूबाईंचा चालला. घरातल्या काचेच्या बाटल्याही गरम पाण्याने भरल्या आणि त्यांना जुने मोजे चढवले गेले. पेटीच्या झाकणात मी सुरीने दोन भोकं पाडली, श्वासापुरती. थर्मामीटर वाचायचं काम माझ्याकडे, कारण त्यांना मेणबत्तीत आकडे दिसत नव्हते. अठ्ठावीस, मी म्हणायचो. त्या मान डोलवायच्या. सत्तावीस म्हटलं की लगेच, "दुसरी आण." दर अर्ध्या तासाला पाणी. मधल्या वेळात दोघी बोलत होत्या. मी भिंतीला टेकून पेंगत होतो, तरी कानावर येतच होतं. चाहूल सांगत होती की तो भर उन्हाळ्यातही मोजे घालून झोपायचा, तिला त्याचं फार हसू यायचं, आणि तिने त्यावरून त्याला खूप चिडवलं होतं.

"अगं, पाय गारच असायचे त्याचे, जन्मापासून," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं लग्नानंतर तरी सुटेल ती सवय."

"नाही सुटली."

"रंगाचे डाग असलेले तेच मोजे का गं?"

"तेच. आत्ता बाटलीला घातलेत ते."

यावर दोघी हसल्या, आणि मग बराच वेळ हसू आहे की रडू हे मला ओळखता येईना. मी डोळे मिटून घेतले.

पहाटे कधीतरी जाग आली तर सासूबाईंच्या ओंजळीत एक कापडी पिशवी होती. गाठ पक्की होती, पण होती ओंजळीत. त्या तिचं वजन घेतल्यासारखं करत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे सगळ्यात हलकं आहे. याला मधोमध ठेवते."

सकाळी डॉक्टरीणबाई गुडघाभर चिखलातून आल्या. एकेक पिशवी उघडून पाहिली. नऊही जिवंत. सासूबाई तेव्हा आतल्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. उघड्या सापापुढे बसण्याइतकी त्यांची तयारी अजून नव्हती. बाईंनी दारातूनच त्यांना विचारलं, असं कुठे शिकलात? त्यांनी आतूनच सांगितलं, "घरीच."

पुढचे आठ दिवस मात्र सासूबाई सुनेशी कामापुरतंच बोलल्या. सापांचा राग नव्हता, खोटं बोलल्याचा होता, आणि तो रास्तच होता. नवव्या दिवशी चाहूल रात्री घरी आली, हातपाय धुतले, ताट वाढून घेतलं. पलंगावरून विचारणा झाली, ते हलकं पिल्लू जेवलं का? चाहूलने घास खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. आता चोच लावायची गरज नव्हती, त्यामुळे सांगायला खूपच होतं.

ते हलकं पिल्लू पुढे दोन महिन्यांनी गेलंच. काही केल्या खाईना. अशी काही पिल्लं निघतातच, असं उस्ताद म्हणाले. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. बाकीची आठ मात्र वाढली. वर्ष होईपर्यंत एकेकाच्या पाठीवर लाल रंगातून हिरवे डाग फुटायला लागले, आणि बघता बघता सगळी हिरवी झाली. सहा दुसऱ्या ठिकाणी गेली, दोन आमच्याकडे राहिली. उस्ताद निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा चाहूलला मिळाली. पहिल्या दिवशी तिने काय केलं असेल? झाडू उचलला. सवय.

सासूबाई सर्पालयात एकदाच आल्या. थंडीच्या त्या लाटेनंतर दीड वर्षाने. हे त्यांनी स्वतःच ठरवलं, कुणी आग्रह केला नव्हता. फाटक बंद झाल्यावर मी आणि खालच्या चांभाराने त्यांना खुर्चीत बसवून जिना उतरवला, मग रिक्षा, मग पुन्हा खुर्ची. बोळातून जाताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते. बाकीच्या काचांकडे त्यांनी मान वळवून पाहिलंच नाही. सात नंबरपुढे खुर्ची ठेवली. निळी चादर बाजूला सारली, दारावरचा पांढरा दिवा पुठ्ठ्याने झाकला, आणि चाहूलने लाल कागद लावलेली छोटी बॅटरी कोपऱ्यात ठेवली.

आम्ही तिघं अंधारात बसलो. पाऊण तास काहीच झालं नाही. चाहूलने तेवढ्यात पाण्याचा फवारा मारून घेतला होता, वेटोळ्यांवर थेंब चमकत होते. मग डोकं उचललं गेलं. ती स्वतःच्या अंगावरून पाणी प्यायली, सावकाश, एकेक खाच कोरडी करत. सासूबाईंच्या तोंडून बारीक हुंकार आला, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा. त्यांनी माझा हात सोडला. मग गठ्ठा सैल झाला, मान खाली उतरली आणि दोन वळणं घेऊन हवेत स्थिर झाली.

"किती वेळ थांबते अशी?"

"कधी कधी पहाटेपर्यंत."

"आणि काहीच आलं नाही तर?"

"वर जाऊन झोपते. संध्याकाळी परत उतरते."

मला दुसऱ्या दिवशी लवकर खिडकी उघडायची होती, म्हणून मी नऊच्या सुमाराला विचारलं, निघायचं का आता? त्या म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, भाऊ, मी हिच्याबरोबर येते. मी खुर्ची उचलायला दहाला परत येतो असं सांगून बाहेर पडलो. दार ओढून घेताना मागे पाहिलं. चाहूल स्टूल ओढून सासूबाईंच्या शेजारी बसली होती आणि त्या तिला काहीतरी हळू आवाजात विचारत होत्या.